अंपायरचा न

एकोणीस वर्षांच्या अबोल्यानंतर तिच्या आईवडिलांचं बोलणं सुरू झालं, आणि त्यासरशी ती बेकार झाली. मंगळवारी सकाळी साडेदहा ते पावणेअकराच्या दरम्यान, शब्दकोश कार्यालयात आपल्या टेबलाशी बसलेली असताना, ही बातमी तिच्या कानावर आली. तिने मोबाइल पालथा ठेवला, त्याच्यावर एक कोरं कार्ड झाकलं, आणि असलं काही झालेलंच नाही असं धरून ट्रेमधलं पुढचं कार्ड उचललं. माणसाने मनावर घेतलं तर झालेली गोष्ट न झालेली करता येते. कार्यालयीन वेळेत तर फारच सहज, कारण तिथे तसाही काही होण्यावर कुणाचा विश्वास नसतो.

शब्दकोश कार्यालय म्हणजे एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. इंग्रजीतला एकेक शब्द उचलायचा, तो कुठून आला ते लिहायचं, आणि आपल्या भाषेत त्याची कुठे सोय होते का ते बघायचं, एवढंच काम. मुख्य संपादकांची जागा रिकामी होती. ती भरेपर्यंत काम चालू ठेवावं असा आदेश होता, आणि आदेशाला नऊ वर्षं झाली होती. तोवर काम चालू ठेवायला दोघं उरले होते. एक एसवाले काका. एस हे इंग्रजीतलं सगळ्यात लेकुरवाळं अक्षर. काकांना ते मिळालं तेव्हा त्यांचे केस काळे होते. आता केस पांढरे होऊन निम्मे गेलेही होते आणि काका 'स्टुपिड'पाशी येऊन महिनाभर थांबले होते. 'घाई नाही,' ते म्हणायचे, 'इथे ओळखीचे बरेच भेटतायत.' आणि दुसरी ती, यूबाई. तिला यू मिळाला त्या दिवशी काकांनी उठून हात जोडले होते. 'बरं झालं. आटोपशीर घर. पण सांभाळून हं, चार पावलांवर "अन" लागेल. अर्धं अक्षर नुसतं नाही म्हणण्यात गेलंय. न बोलावलेला, न धुतलेला, न उघडलेला, न सांगितलेला. माणूस खचतो.' ती अजून 'अन'ला पोचली नव्हती. अल्सर होऊन गेला होता, अंब्रेला मिटून ठेवली होती, आणि आता हातात आलेल्या कार्डावर 'अंपायर' होता. पण कार्डावरची अक्षरं काही डोळ्यांत शिरेनात, कारण डोळ्यांच्या मागे आईचा आवाज अजून उभाच होता, बसायला खुर्ची न मिळालेल्या पाहुण्यासारखा.

आई म्हणाली होती, 'अगं, घसा कसा आहे? हे सांगत होते, तुझा घसा बसलाय.' त्यावर ती, घोगऱ्या आवाजात, 'कोण सांगत होतं?' आई म्हणाली, 'हे.' 'हे कोण?' 'हे म्हणजे कोण? किती हे आहेत मला?' 'बाबा? बाबांनी कुणाला सांगितलं?' 'मला.' 'कसं?' 'कसं म्हणजे काय गं? तोंडाने.' मग आई, जरा घाईने, 'बरं ते जाऊ दे, गुळण्या कर. आणि ते गॅसचं ह्यांना सांगायला सांगितलं होतं ना मी तुला, ते राहू दे. सांगितलं मी.' एवढंच. ज्याला जगात कुणी भांडण म्हणणार नाही, अपघात म्हणणार नाही, वाईट बातमी तर नाहीच नाही, असं एवढंसं. पण तिला जिना संपलाय असं समजून पाय टाकावा आणि अजून एक पायरी निघावी तसं झालं. 'सांगितलं मी'मुळे नव्हे. 'हे'मुळे. एकोणीस वर्षं आई 'तुझे बाबा' म्हणत आली होती. तुझ्या बाबांना सांग पंखा बंद करायला. तुझ्या बाबांना विचार, चष्मा शोधतायत तो डोक्यावर आहे तो चालेल का. आणि बाबा 'तुझी आई' म्हणत आले होते. दोघंही तिचे होते, दोघांच्याही पुढे तिचा 'तुझा' लागलेला होता, जशी छत्रीवर मालकाची आद्याक्षरं रंगवतात. आता आईने एका अक्षराने नवरा परत घेतला होता. कुणाची हरकत असेल तर पंधरा दिवसांत कळवा, अशी नोटीससुद्धा न लावता.

खरं म्हणजे ही, दोघांचे निरोप नेण्याची, तिची पहिली नोकरी, शब्दकोशाची दुसरी. पहिलीवर ती अकराव्या वर्षी लागली. आई तेव्हा घरी नकाशे गिरवायची, पारदर्शक कागद मूळ नकाशावर ताणून शाईने नदी, रस्ता, टेकडीच्या गोल रेषा. तिचा हात असा होता की भूमापन खात्याने तिला मुलाखतीला बोलावलं. बोलावण्याचं पत्र बाबांच्या हाती पडलं, बाबांनी ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं, आणि कोट रात्रीपुरता खुंटीला लावला. बाबा वजनमापं तपासणारे निरीक्षक. दुकानादुकानांतून फिरून एक किलो हा एक किलोच आहे ना हे बघण्यात त्यांचा जन्म गेलेला, दुसऱ्याच्या तराजूतला एका ग्रॅमचा फरक त्यांना दारातून दिसायचा. आणि ते पत्र त्यांच्या छातीवर अकरा दिवस होतं आणि त्यांना कळलं नाही, की कळलं, हे त्यांनाही सांगता येईना. मुलाखतीची तारीख होऊन गेल्यावर कोट धुवायला काढताना आईला ते सापडलं. आई ओरडली नाही. तिने पत्र टेबलावर ठेवलं, त्याच्यावर शाईची बाटली ठेवली, आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. संध्याकाळपर्यंत घरात कुणी बोललं नाही. मग बाहेरच्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसून, बुटाची नाडी सोडता सोडता, मान वर न करता बाबांनी पोरीला हाक मारली आणि निरोप दिला. ती नऊ पावलं चालून स्वयंपाकघराच्या दारात गेली, निरोप सांगितला, आईचं उत्तर घेतलं, नऊ पावलं परत आली. तो पहिला निरोप. तेव्हा तिला फक्त एवढंच कळलं होतं, की आत्तापर्यंत या घरात आपण नुसत्या होतो आणि आता आपल्याला काम आहे.

आणि कामात तिने नाव काढलं. वर्षभरात ती अशी तयार झाली की बाबांनी 'तुझ्या आईला' एवढं म्हटलं की ती उठलेली असायची. निरोप कसा उचलायचा, किती वाकायचं, कुठला शब्द वाटेत सांडायचा, कुठला जपून न्यायचा, हे कुणी शिकवलं नाही. तव्यावरून हात कधी काढायचा हे जसं हातालाच कळतं तसं कळत गेलं. नातेवाईक हसायचे. मावशी तिला टपालबाई म्हणायची आणि आली की गालाला हात लावून, 'काय टपालबाई, आज काही रजिस्टर्ड?' असं विचारायची. शाळेत निबंधाच्या वहीवर बाईंनी लाल शाईने लिहिलं होतं, 'प्रत्येक वाक्यात "म्हणे" कशासाठी?' कशासाठी ते तिला कळेना. पाऊस पडणार आहे म्हणे. उद्या सुट्टी आहे म्हणे. मला ताप आलाय म्हणे. स्वतःचं म्हणून एखादं वाक्य तोंडात आलं की ते तिला परक्या घरातली वस्तू उचलल्यासारखं वाटे, आणि 'म्हणे' लावून ती ते पटकन खाली ठेवून देई. आठ महिन्यांपूर्वी ती वेगळ्या खोलीत राहायला गेली. सगळे म्हणाले, आता तरी तुझं तुझं आयुष्य जग. तिने एक गादी, एक शेगडी, दोन कप घेतले. दोन का, ते दुकानदाराने विचारलं नाही म्हणून तिला सांगावं लागलं नाही. पहिल्या संध्याकाळी पाणी तापलं तेव्हा ती भिंतीकडे वळून म्हणाली, 'पाणी तापलंय म्हणे,' आणि भिंतीचं उत्तर घ्यायला जरा थांबली. नोकरी मात्र चालूच राहिली. आई स्वयंपाकघरातून तिला फोन करी. ती बाहेरच्या खोलीत बसलेल्या बाबांना फोन लावी. बाबांचं उत्तर घेऊन आईला लावी. नऊ पावलांचं अंतर आता उपग्रहामार्गे जाऊन येत होतं आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. शनिवारी तिचा घसा बसला. नुसता बसला नाही, आडवा झाला. तोंड उघडलं तर आतून दार लोटल्यासारखी हवा यायची. तिने बाबांना मेसेज पाठवला, घसा बसलाय, दोन दिवस फोन नको, आणि उशीखाली मोबाइल ठेवून पडून राहिली. शनिवार, रविवार, सोमवार. नोकरीच्या एकोणीस वर्षांत घेतलेली एवढीच रजा. तेवढ्यात त्यांनी परस्पर सुरू केलं.

'यूबाई, कार्ड उलटं धरलंय तुम्ही,' एसवाले काका म्हणाले. ते खरं होतं. तिने कार्ड सुलटं केलं. अंपायर. सोपा शब्द, तिला वाटलं; पंच, किंवा आजकाल अंपायरच, आणि व्युत्पत्ती उतरवून ठेवून जेवायच्या आत मोकळं व्हायचं. तिने मोठा कोश ओढला, जो उघडायला दोन्ही हात लागायचे, आणि वाचायला लागली. या शब्दाच्या सुरुवातीला आधी एक न होता. नूंपर. जुन्या फ्रेंचमधून आलेला. 'नॉन' म्हणजे नाही, 'पेर' म्हणजे बरोबरीचा, जोडीचा. जो कुणाच्या जोडीचा नाही तो. सम नव्हे, विषम. दोघं भांडत असतात तेव्हा त्या दोघांची एक जोडी असते, भांडणाची का होईना. आणि ज्याची कुणाशीच जोडी जमत नाही त्या उरलेल्याला मध्ये उभं करून विचारतात, बाबा रे, तू सांग. इंग्रजीत नामाच्या आधी 'अ' लावायची पद्धत, आणि नाम स्वराने सुरू होत असेल तर 'ॲन'. लोक म्हणायचे 'अ नूंपर'. म्हणता म्हणता, नुसतं तोंडाने, कुणी ठरवून नव्हे, श्वास एक अक्षर उशिरा पडायला लागला. 'अ नूंपर'चं झालं 'ॲन ऊंपर'. न मागच्या शब्दाला चिकटला तो चिकटलाच. पाचेकशे वर्षं झाली, कुणी परत मागितला नाही.

'काका,' ती म्हणाली, 'एखाद्या शब्दाचं पहिलं अक्षर शेजाऱ्याकडे गेलं तर?' काकांनी चष्मा कपाळावर चढवला. त्यांना असल्या गोष्टीत रस होता; तेवढ्यावरच ते जगत होते. 'जातं की. ॲप्रनचं गेलंय. नॅप्रन होता तो. आणि उलटंही होतं. निकनेम बघा. "ईक नेम", म्हणजे जादाचं नाव. "ॲन ईक नेम" म्हणता म्हणता "अ नीक नेम". न तिकडून उचलून इकडे. म्हणजे अंपायरचा हरवला आणि टोपणनावाला सापडला. हिशेब सरळ आहे, पोलिसात जायचं कारण नाही.' मग तिच्याकडे जरा बघून, 'तुम्हाला बरं नाहीये का? घसा?' 'घसा बरा आहे म्हणे,' ती म्हणाली. 'आणि मराठी प्रतिशब्द काय घालताय? पंच?' 'पंच म्हणजे पाच झाले.' 'मग मध्यस्थ घाला.' 'तिऱ्हाईत,' ती म्हणाली. काका थबकले. 'तिऱ्हाईत म्हणजे परका.' 'आता. आधी तिसरा. ना ह्याचा ना त्याचा, म्हणून निवाडा करायला बोलवायचा.' काका म्हणाले, 'चांगला आहे. पण खेळाच्या पानावर तो कुणी वाचणार नाही.' आणि परत स्टुपिडकडे वळले.

ती मात्र तिथेच राहिली, त्या एका श्वासापाशी. चुकीच्या जागी पडलेला श्वास. तिला एकदम स्वतःच्या अकरा वर्षांच्या छातीत तो लागला. नऊ पावलं, सातव्यावर चपलेचा अंगठा निसटलेला, तो सावरताना आत ओढलेली हवा. बाबा काय म्हणाले होते? इतक्या वर्षांत तिने हजारो निरोप नेले, पण हा पहिला तिने परत कधी उघडून बघितला नव्हता. पहिल्या पगाराचं पाकीट जपावं तसा नुसता ठेवला होता. आता तिने तो उघडला. बुटाची नाडी, वाकलेली मान, जमिनीकडे गेलेला आवाज. 'सांग तिला, मी चुकलो नाहीतर काय.' चुकलो, नाहीतर काय. म्हणजे चुकलोच, विचारायचंय काय त्यात. आणि ती दारात उभी राहिली, चप्पल सावरली, आणि म्हणाली, 'बाबा म्हणतात, मी चुकलो नाही.' इथे श्वास. 'तर काय?' आईने वळून बघितलं. 'तर काय? तर काही नाही म्हणावं.' ती नऊ पावलं परत गेली आणि म्हणाली, 'आई म्हणते, तर काही नाही.' आणि मग खरोखरच काही नाही. एकोणीस वर्षं. 'नाही' हा शब्द 'तर'चा होता. तो तिने 'चुकलो'ला चिकटवला, आणि तो चिकटला तो चिकटलाच.

त्या दिवशी तिने कार्ड पुरं केलं नाही. घरी जाताना, म्हणजे खोलीवर जाताना, तिला रस्ता वेगळा वाटत होता. दुकानांच्या पाट्या, झेब्रा पट्ट्या, बसच्या पाठीवरचे आकडे, सगळं कुणीतरी चुकीच्या ठिकाणी तोडून चुकीच्या ठिकाणी जोडल्यासारखं. हात धुताना, कपडे वाळत घालताना, जिन्यात शेजारणीला वाट देताना ती तेच वाक्य जिभेवर फिरवत होती, एकदा इथे थांबून, एकदा तिथे. आश्चर्य म्हणजे अपराधी वाटायला हवं तेवढं वाटेना. वाटलं ते वेगळंच, आणि त्याची तिला लाज वाटली: हायसं. कारण आता तिच्याकडे एक निरोप होता. न पोचलेला. सगळं घर परस्पर बोलायला लागलं तरी हा एक त्यांना परस्पर पोचवता येणार नव्हता, कारण तो तिच्याकडे अडकला होता. तीच तो नेऊन देणार, दोघांच्या मध्ये उभी राहून, आणि ते दोघं तिच्या तोंडाकडे बघत राहणार. बुधवार ते शनिवार तिने असं काही झालंच नाही हे धोरण चालू ठेवलं. रोज संध्याकाळी बाबांना फोन करून, 'आई म्हणते, औषध घेतलंत का,' असं विचारलं. आईने तसं काही म्हटलेलं नव्हतं. बाबा म्हणायचे, 'घेतलं. आत्ताच विचारलं तिने.' बाबांच्या मागे भांड्याचा आवाज यायचा, आणि एकदा, गुरुवारी, आई काहीतरी म्हणाली आणि बाबा तोंड बाजूला करून हसले. बाबांचं हसणं तिने नेलं-आणलं नव्हतं कधी. ते वजनाला इतकं हलकं असेल हे तिला माहीतच नव्हतं. शुक्रवारी तर तिने कार्डाच्या पाठीवर एक खोटा निरोपही लिहून बघितला, 'बाबा म्हणतात, तू गिरवलेल्या नदीला एक वळण जास्त होतं.' हा पोचवला असता तर अजून एकोणीस वर्षांची सोय झाली असती. तिने ते कार्ड फाडलं, आठ तुकडे केले, आणि आठही वेगवेगळ्या डब्यांत टाकले.

रविवारी दुपारी ती गेली. बसमध्ये तिने घसा जपला, खिडकी लावून घेतली. दार आईने उघडलं. आईच्या कपाळावर चष्मा होता आणि हातात पाना. आत बाबा स्वयंपाकघरात, ओट्यासमोर स्टुलावर उभे, नळाशी झटत होते. स्वयंपाकघरात बाबा! तिला वाटलं आपण घर चुकलो. 'ये, बस,' आई म्हणाली, 'चहा नंतर, पाणी बंद आहे. अहो, डावीकडे फिरवा.' 'डावीकडेच फिरवतोय.' 'ते तुमचं डावं. नळाचं डावं इकडे.' 'नळाला डावं-उजवं नसतं.' सवयीने ती उठली आणि बाबांकडे तोंड करून म्हणाली, 'बाबा, आई म्हणते, डावीकडे...' 'ऐकलं मी,' बाबा म्हणाले. ती आईकडे वळली. 'आई, बाबा म्हणतात...' 'ऐकलं गं,' आई म्हणाली. ती दोघांच्या मध्ये उभी राहिली, आणि वाक्यं तिच्या डोक्यावरून जात-येत राहिली, चेंडूसारखी. खाली बसली असती तरी त्यांचं काही अडलं नसतं. मग नळ बसला, बाबा स्टुलावरून उतरले, आईने न सांगता टॉवेल पुढे केला, बाबांनी न बघता घेतला. ती म्हणाली, 'एक निरोप आहे.'

'कुणाचा?' आई म्हणाली.

'बाबांचा. तुला. जुना आहे.' तिने हात मागे नेले. ते आपोआपच गेले. 'ते पत्र सापडलं त्या दिवशीचा. मी चुकीचा सांगितला होता. बाबा म्हणाले होते, मी चुकलो.' इथे तिने श्वास घेतला, नीट, मोजून, जिथे घ्यायला हवा होता तिथे. 'नाहीतर काय.'

नळातून एक थेंब पडला. बाबांनी त्याच्याकडे बघितलं. आई टेबलापाशी बसली आणि चष्मा नाकावर घेऊन तिच्याकडे बघायला लागली, बारीक अक्षर बघतात तशी.

'हो,' आई म्हणाली. 'ऐकलं होतं मी.'

'काय?'

'ते. ह्यांच्याच तोंडून. बाहेरून. एवढ्या मोठ्याने बोलतात हे, जमिनीकडे बघून बोलले म्हणून काय झालं.'

'मग?'

'मग तू आलीस. अशीच उभी राहिलीस, हात मागे बांधून. आणि म्हणालीस, चुकलो नाही. मला कळलं ना, पोरीचं काहीतरी चुकलंय म्हणून. पण मला रागवायचं होतं गं. इतकं रागवायचं होतं. आणि ह्यांनी चुकलो म्हटल्यावर रागावता येईना. तू म्हटल्यावर आलं रागावता.'

ती बाबांकडे वळली. बाबा हात पुसत होते, कोरडे झालेले हात. 'मीही ऐकलं, तू काय सांगितलंस ते,' ते म्हणाले. 'वाटलं, जाऊन सांगावं, असं नव्हतं म्हणून. मग म्हटलं, रागावू दे दोन दिवस. हक्क आहे तिचा. दोन दिवस झाले, मग तू कामाला लागलेली होतीस.'

'म्हणजे ऐकू यायचं?'

'काय?'

'सगळं?'

'चार इंची भिंत आहे, गृहनिर्माणवाल्यांची,' बाबा म्हणाले. 'मोजलीय मी. तुझी आई कागद उलटते तेसुद्धा येतं ऐकू.'

'एकोणीस वर्षं?'

'एकोणीस काय, भिंत बांधल्यापासून,' आई म्हणाली.

'मग मी कशाला सांगत होते?'

बाबांनी नळ उघडला, बंद केला. आईने टेबलावरचा नसलेला कण बोटाने पुसला. 'तू गाळायचीस ना,' ती शेवटी म्हणाली. 'हे तिकडून म्हणायचे, विचार तिला, आज समुद्रच ओतलाय का आमटीत. ते आधी यायचं कानावर. अंगाची आग व्हायची. मग तू यायचीस नऊ पावलं चालत आणि म्हणायचीस, मीठ जरा जास्त झालंय म्हणे. तोवर आग उतरलेली असायची. तुझंच ऐकलंय असं धरून चालायचे मी.'

'मीही,' बाबा म्हणाले. 'ही इथून काय काय म्हणायची ते तुला सांगत नाही.'

'सांगू नका,' आई म्हणाली. 'तिनेच नेलंय ते, तिला माहितीय.'

'आणि आता?' तिने विचारलं.

'आता काय, हेच म्हणतात, मीठ जरा जास्त झालंय.'

'म्हणे,' बाबा म्हणाले.

आणि दोघं हसली. एकमेकांकडे बघून, एकदम, एवढीशी खोली भरून. आईला ठसका लागला, बाबांनी पाठीवर थापटलं. तिचा शब्द होता तो, शाळेतल्या बाईंनी लाल शाईने हटकलेला, आणि त्यांनी तो दोघांत घेतला होता. मग तीही हसली. तिसरी. तिला कळलं की आपण एवढ्या वाटेवरून जपून आणलेली चूकसुद्धा आपली नव्हती. तिला आधीच दोन मालक होते आणि दोघांनीही ती तिच्याकडे नुसती ठेवायला दिली होती. चहा झाला. कपात मावेल तेवढा वेळ ती बसली. निघताना आई दारापर्यंत आली, तिच्या केसांत अडकलेला दोरा काढला, आणि म्हणाली, 'येत जा गं. काम असलं तरच यायचं असं नाही काही.' बाबा आतून काहीतरी म्हणाले. आई म्हणाली, 'हे म्हणतायत, खिडकी लावून बस बसमध्ये.' तिने ते ऐकलं होतं. बाबा म्हणाले होते, 'पोरगी वाळलीय नुसती, कोण बघतंय तिच्याकडे तिथे.' आईने गाळून सांगितलं होतं. अगदी बरोबर, जेवढं सांडायचं तेवढंच सांडून.

सोमवारी ती वेळेवर आली, सही केली, आणि अंपायरचं कार्ड पुरं केलं. व्युत्पत्तीत न लिहिला. प्रतिशब्दात तिऱ्हाईत लिहिला, आणि कुणी वाचणार नाही म्हणून अक्षर जरा मोठं काढलं. एसवाले काकांनी विचारलं, 'झालं? आता अन?' 'आता अन,' ती म्हणाली. 'म्हणे' लावायला ती थांबली होती, पण ते आलं नाही. वाक्य तसंच उघडं पडून राहिलं टेबलावर, आणि कुणी उचललं नाही. मग तिने कार्यालयाचा एक कोरा कागद घेतला, डावीकडे समास सोडला, आणि सुवाच्य अक्षरात लिहायला घेतलं:

प्रति, माननीय कार्यकारी अभियंता, गृहनिर्माण विभाग.

विषय: स्वयंपाकघर व बाहेरची खोली यांमधील भिंतीबाबत.

महोदय, उपरोक्त भिंत चार इंची असल्याचे रहिवाशांनी तोंडी मान्य केले असून तीमधून सर्व बोलणे दोन्ही बाजूंस ऐकू येते, असे अर्जदाराच्या निदर्शनास नुकतेच आले आहे. सबब सदर भिंत नऊ इंची करून मिळावी, आणि ती आजपासून नव्हे, तर पूर्वलक्षी प्रभावाने, एकोणीस वर्षांपूर्वीच्या त्या संध्याकाळपासून नऊ इंची होती असे समजण्यात यावे. मंजुरीस विलंब लागत असल्यास त्या मुदतीत दोन्ही खोल्यांमधील संपर्क राखण्याची जबाबदारी अर्जदार विनावेतन घेण्यास तयार आहे. पूर्वानुभव आहे. तरी कृपया सहानुभूतीपूर्वक विचार होऊन, भिंतीच्या कोणत्या बाजूस उभे राहावे याबाबत लेखी आदेश मिळावेत, ही नम्र विनंती.